घाम किती गाळावा?



काही वर्षांपूर्वी वजन वाढले म्हणून मी एका सकाळी एकदम धावायला सुरुवात केली. आठव्या दिवशी गुडघा सुजला आणि व्यायाम बंद पडला. अति तेथे माती, दुसरे काय! म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो : जाड माणसाने व्यायाम किती जोराने करावा?

शरीर चरबी आणि साखर असे दोन्ही इंधन वापरते. चाल मंद असते तेव्हा चरबीचा वाटा जास्त असतो. धाप लागेपर्यंत धावलो की साखरेचा वाटा वाढतो. परंतु केवळ टक्केवारीवर भुलू नका. पन्नास रुपयांचे सत्तर टक्के पस्तीस होतात, शंभराचे पन्नास टक्के पन्नास होतात. म्हणून रेंगाळत चालण्यापेक्षा झपझप चालणे फायद्याचे. जाड व सवय नसलेल्या माणसात चरबी जास्तीत जास्त जळण्याची पायरी बरीच खाली, म्हणजे झपझप चालण्याच्या आसपासच असते. त्याने धावण्याची घाई करू नये.

ही पायरी ओळखायची कशी? चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडी मोजायची असल्यास २२० मधून वय वजा करा व त्याचे ६४ ते ७६ टक्के काढा. पन्नाशीच्या माणसाला हे सुमारे १०९ ते १२९ ठोके येतात. हा अंदाजच आहे. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडी मंदावते, त्यांनी बोलण्याची कसोटीच वापरावी. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

'मी कुठे जाड आहे?' असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे उदाहरण देतो. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही घ्या. कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. दहा मिनिटांपासून आरंभ करा, दर आठवड्याला थोडे वाढवा. दम वाढला की अधूनमधून मिनिटभर वेग वाढवा, सेमिनरी हिल्सचा चढ घ्या. उन्हाळ्यात मात्र सूर्य वर येण्याआधी घरी परता. ऐंशी किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर सुमारे २८० कॅलरी खर्च होतात. परतताना तर्री-पोह्यांवर दोन समोसे घेतले की ती कमाई गेलीच! वजन घटवण्यास ताटावरही लक्ष हवे. पण वजन हलले नाही तरी चालण्याने हृदय आणि दम सुधारतोच, म्हणून निराश होऊन सोडू नका.

शेवटी पुरुषांना एक विनंती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात कंबरेचा घेर वाढलेल्या स्त्रिया सुमारे ४० टक्के, पुरुष १२ टक्के आहेत. तरी सकाळी अंबाझरी-फुटाळ्यावर आपण जातो आणि त्या चूल सांभाळतात. उद्यापासून चहा आपण ठेवू, त्यांना फिरायला जाऊ द्या. विद्यार्थी मित्रांनो, आईला सोबत तुम्ही करा.