रक्ताचा दाब आणि हाडांतील चुना
(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत एका डॉक्टरांनीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत आरोग्याविषयीं चार शब्द बोलावे, अशी समितीची आज्ञा झाली. विषय निवडण्याची मला मोकळीक होती. परंतु खरें सांगावयाचें तर हा विषय मीं निवडला नाहीं. तो एका वृद्ध भगिनीनें मला दिला. ती हकीकत प्रथम सांगतों.

ही मावशी अनेक वर्षें माझ्याकडे औषधास येत असे. तिला रक्ताच्या दाबाचा विकार होता, आणि वयोमानानें हाडेंही ठिसूळ झालीं होतीं. म्हणून मीं तिला दोन गोळ्या लिहून दिल्या : दाबासाठीं अॅम्लोडिपिन नांवाची, व हाडांसाठीं कॅल्शियमची. तिच्या शिकलेल्या नातवानें वेष्टणांतील कागद वाचून सांगितलें कीं, पहिली गोळी "कॅल्शियमला अडवणारी" आहे. मावशीनें सरळ हिशेब केला : एक गोळी चुना देते, दुसरी चुना अडवते, मग दोन्ही घेऊन काय साधावयाचें? हाडें तर राखलींच पाहिजेत. तिनें दाबाची गोळी बंद केली. तीन महिन्यांनीं एके पहाटे तिचा उजवा हात उचलेना व जीभ जड झाली. ती वांचली, आधारानें चालतेही. परंतु जपमाळ आतां डाव्या हातानें ओढते.

बंधुभगिनींनो, तिचा हिशेब चुकला, पण तिचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. चूक माझी होती. मीं दोन गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत हें सांगण्यास दोन मिनिटें खर्चिलीं नाहींत. तिला तेव्हां द्यावयाचें उत्तर आज मी तुम्हां सर्वांस देणार आहें.

प्रथम रक्ताचा दाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय हें रक्त ढकलणारें यंत्र आहे, व रक्त ज्या नळ्यांतून शरीरभर जातें त्यांस रोहिणी म्हणतात. या नळ्या लोखंडाच्या नव्हेत. त्यांच्या भिंतींत बारीक स्नायू असतात. ते आवळले कीं नळी अरुंद होते व दाब चढतो. ते सैल पडले कीं दाब उतरतो. आपल्या वाडींत पाणी शिंपतांना नळीचें तोंड बोटानें दाबलें तर काय होतें, हें येथें कोणास सांगावयास नको. निरोगी प्रौढ माणसाचा दाब सुमारें १२० वर ८० असतो. दवाखान्यांत निरनिराळ्या दिवशीं मोजून तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर त्यास विकार समजून उपाय करावा लागतो. हा विकार बहुधा दुखत नाहीं, आणि तेंच त्यांतील मोठें भय आहे.

आतां स्नायू आवळतो कशानें? येथें आपला चुना, म्हणजे कॅल्शियम, प्रवेश करतो. लंडनमधील सिडनी रिंगर नांवाच्या वैद्यानें बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत ठेवून तें धडधडत राहतें असें पाहिलें होतें. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या साहाय्यकानें तें पाणी शुद्ध केलेल्या पाण्याचें न करितां नळाच्या पाण्याचें केलें होतें. शुद्ध पाणी घेतांच हृदयाचे ठोके मंदावून बंद पडले. त्यांत थोडा चुन्याचा क्षार घालतांच ते पुन्हां सुरू झाले. १८८३ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. नळाच्या पाण्यांतील चिमूटभर चुन्यानें जगास एक मोठें सत्य शिकविलें : कॅल्शियमवांचून हृदय आकुंचन पावत नाहीं. रोहिणीच्या भिंतींतील स्नायूंचाही हाच नियम आहे.

आपल्या शरीरांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें. त्यांपैकीं शंभरांतील नव्व्याण्णव भाग हाडांत व दांतांत, आणि उरलेला एक भाग रक्तांत व इतर पेशींत. हाडें ही घरची कणगी समजा, आणि रक्तांतील कॅल्शियम म्हणजे रोजच्या शिध्याचें मडकें. या मडक्यांत फार चढउतार चालत नाहीं. शंभर मिलिलिटर रक्तद्रवांत साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम, एवढ्याच मर्यादेंत तें राखावें लागतें. कमी झालें तर हातपाय वळतात. फार झालें तर तहान, बद्धकोष्ठ, मुतखडा व मनाची सुस्ती येते. स्नायूंच्या पेशींच्या आंत तर बाहेरच्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं कमी कॅल्शियम असतें. पेशीच्या भिंतींस सूक्ष्म दारें आहेत. तीं उघडलीं म्हणजे किंचित् कॅल्शियम आंत शिरतें आणि स्नायू आवळतो. अॅम्लोडिपिनसारखीं औषधें रोहिणीच्या स्नायूंचीं हीं दारें अर्धवट लोटून घेतात, इतकेंच त्यांचें काम. कणगींतल्या धान्यास तीं हात लावीत नाहींत, आणि अन्नांतील कॅल्शियम हाडांकडे जाण्यासही अडवीत नाहींत. मावशीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हें झालें.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठीं आपणांस त्या मडक्यावर लक्ष ठेवणाऱ्या कारभारणीकडे गेलें पाहिजे. मानेंत, गळग्रंथीच्या मागल्या बाजूस, मसुरीच्या किंवा तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथि असतात. त्यांस पॅराथायरॉइड म्हणतात. त्यांचा प्रथम शोध लागण्यास आपल्या देशचा एक गेंडा कारण झाला, हें ऐकून तुम्हांस कौतुक वाटेल. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या एका भारतीय गेंड्याचें विच्छेदन रिचर्ड ओवेन यानें केलें, आणि १८५० मध्यें आपल्या निबंधांत या लहानशा पिवळसर पिंडाचा उल्लेख केला. मनुष्याच्या शरीरांत त्या ग्रंथींचें नीट वर्णन करण्याचा मान स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाकडे जातो; त्याचा निबंध १८८० सालचा आहे.

ही कारभारीण करते काय? रक्तांतील कॅल्शियम किंचित् घटलें कीं ती आपला स्राव, म्हणजे पॅराथायरॉइड हॉर्मोन, सोडते. तो तीन ठिकाणीं हुकूम बजावतो. हाडांस सांगतो, कणगींतून थोडें काढा. मूत्रपिंडांस सांगतो, लघवीवाटे कॅल्शियम वायां घालवूं नका. आणि त्याच मूत्रपिंडांकडून ड जीवनसत्त्वाचें कार्यक्षम रूप तयार करवून घेतो, जेणेंकरून आंतडीं अन्नांतून अधिक कॅल्शियम उचलतात. मडकें भरलें कीं स्राव थांबतो. जो माणूस अन्नांतून पुरेसें कॅल्शियम घेत नाहीं, त्याच्या घरीं ही कारभारीण रोज कणगी उघडते. रक्ताची तपासणी करावी तर आंकडा अगदीं ठीक येतो. पण आंतून हाडें रिकामीं होत असतात.

कारभारीणच बिघडली तर काय अनर्थ होतो, याचा दाखला चार्ल्स मार्टेल नांवाच्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाचा आहे. त्याचीं हाडें मोडूं लागलीं, मुतखडे झाले, आणि उंचींत तो सात इंचांनीं खुजा झाला. १९२६ पासून त्याच्यावर शस्त्रक्रिया होत गेल्या. परंतु बिघडलेली ग्रंथि मानेंत सांपडेना. १९३२ सालीं सातव्या वेळीं ती छातीच्या पोकळींत सांपडली. तोंपर्यंत मूत्रपिंडांचें फार नुकसान झालें होतें, व थोड्याच आठवड्यांनीं तो बिचारा वारला. आज रक्तांतील कॅल्शियम व हें हॉर्मोन एका साध्या तपासणीनें मोजतां येतें, आणि हा रोग बहुधा पुष्कळ आधीं उमगतो.

आतां मुद्द्याचा प्रश्न. या हॉर्मोनाचा आणि रक्तदाबाचा संबंध काय? ज्यांची पॅराथायरॉइड ग्रंथि वाजवीपेक्षां अधिक स्राव सोडते, त्यांच्यांत दाबाचा विकार इतरांहून अधिक आढळतो, ही गोष्ट निश्चित आहे. पण येथें निसर्गानें एक कोडें घातलें आहे. हेंच हॉर्मोन शिरेंतून एकदम टोंचलें तर रोहिणी सैल होऊन दाब उतरतो. तें वर्षानुवर्षें अधिक राहिलें तर मात्र उलटें घडतें. रोहिणींच्या भिंती ताठर होणें, मूत्रपिंडांची हानि, आणि स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम अधिक शिरणें, अशीं याचीं कारणें विद्वानांनीं पुढें केलीं आहेत. बिघडलेली ग्रंथि काढल्यावर कांहींचा दाब उतरतो, कांहींचा तसाच राहतो. म्हणून केवळ दाबासाठीं ती शस्त्रक्रिया करीत नाहींत.

ज्यांच्या ग्रंथि निरोगी आहेत त्यांचें काय? १९८४ सालीं अमेरिकेंतील डेव्हिड मॅकॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठ्या लोकसमूहाचा आहार तपासून असें मांडलें कीं, जे कॅल्शियम कमी खातात त्यांच्यांत दाब अधिक दिसतो. हें ऐकून अनेकांस वाटलें कीं गोळ्या गिळल्या म्हणजे झालें. पुढें प्रयोग करून पाहिले तेव्हां कॅल्शियमच्या गोळ्यांनीं दाब सरासरीनें एकदोन अंशच उतरला. परंतु १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या "डॅश" नांवाच्या प्रयोगांत भाज्या, फळें व कमी चरबीचें दूधदहीं असा सबंध आहारच बदलला, तेव्हां दाबाच्या रोग्यांचा वरचा आंकडा सरासरी अकरा अंशांनीं खालीं आला. तात्पर्य, कॅल्शियम एकटें चमत्कार करीत नाहीं. तें भरल्या ताटांतून आलें पाहिजे.

एका प्रसंगीं मात्र कॅल्शियमच्या गोळीचा गुण मोठा आहे, आणि येथें बसलेल्या लेकीसुनांनीं तो लक्षांत ठेवावा. गरोदरपणीं दाब चढून झटके येण्याचा जो घातक विकार आहे, तो ग्वाटेमालांतील माया जमातीच्या गरीब बायकांत फारसा दिसत नाहीं, असें बेलिझान व व्हिलार या संशोधकांनीं १९८० सालीं दाखवून दिलें. त्या बायका मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून खातात. त्यांतून पुढें जे प्रयोग झाले त्यांवरून, जेथें आहारांत कॅल्शियम कमी आहे तेथें गर्भिणींस कॅल्शियम द्यावें असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, बंगळूर व टांझानिया येथील हजारों पहिलटकरणींवरील प्रयोगांत, हा विकार टाळण्यास रोज ५०० मिलिग्रॅमची मात्रा १५०० हून उणी ठरली नाहीं. म्हणून दवाखान्यांतून मिळालेल्या त्या गोळ्या फडताळांत ठेवून देऊं नका.

आतां मिठाविषयीं. मूत्रपिंड मीठ बाहेर टाकतात तेव्हां त्याबरोबर कॅल्शियमही वाहून जातें. म्हणजे जो माणूस खारट खातो तो एकाच घांसानें दोन नुकसानी करून घेतो : दाब चढवितो आणि कारभारणीस कणगी उघडावयास लावतो. दिवसाकांठीं सर्व मिळून पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाहीं, एवढेंच मीठ असावें. खारवलेली मासळी, लोणचें व पापड आपल्या ताटांत प्रिय आहेत हें मी जाणतों; मीही याच मातींतला आहें. पण तीं सणासुदीस असावींत, नित्य नव्हे.

मग करावें काय? प्रौढ माणसास रोज सुमारें एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम पाहिजे. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम असतें, व पेलाभर दुधांत अडीचशेंच्या आसपास. तीळ, हिरव्या पालेभाज्या आणि कांट्यासकट चावून खाल्लेली लहान ताजी मासळी हींही उत्तम. अंगावर थोडें ऊन घ्यावें, कारण ड जीवनसत्त्वावांचून अन्नांतील कॅल्शियम पुरेसें अंगीं लागत नाहीं. ज्यांस दाबाबरोबर वारंवार मुतखडा होतो किंवा साध्या पडण्यानें हाड मोडतें, त्यांनीं रक्तांतील कॅल्शियम एकदां मोजून घ्यावें. दाबासाठीं दिलेल्या थायझाइड जातीच्या लघवीच्या गोळ्या कॅल्शियम शरीरांत राखून ठेवतात. त्या चालू असतां आपल्या मनानें कॅल्शियमच्या गोळ्या वाढवूं नयेत. आणि अॅम्लोडिपिननें पाय सुजले तर डॉक्टरास सांगावें, परंतु गोळी आपण होऊन सोडूं नये.

शेवटीं एक विनंती. औषधाविषयीं मनांत शंका आली तर ती घरीं नेऊं नका. तेथेंच, डॉक्टरासमोर, बोलून टाका. डॉक्टर घाईंत असला तर त्यास थांबवा. त्या मावशीनें मला विचारलें असतें तर दोन मिनिटें लागलीं असतीं. आणि मीं आपण होऊन सांगितलें असतें तर तिला विचारण्याचीही गरज नव्हती. ती आज पुढच्या बांकावर बसली आहे. आतां ती दोन्ही गोळ्या घेते. हें व्याख्यान द्यावयास मला तिनेंच परवानगी दिली, आणि वर बजावलें, "डॉक्टर, सगळ्यांस समजेल असें बोला." तें साधलें असेल तर श्रेय तिचें आहे.