मधुमेह्याचें ताट
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या मेजवानीचे बेत चालले असतां आम्ही पथ्याची गोष्ट काढावी, हें कित्येकांस विरजण घातल्यासारखें वाटेल. परंतु मधुमेह जडल्याचें ज्यास नुकतेंच कळलें आहे, त्याला सणाच्या पंगतींतच खरें संकट पडतें. त्याच्यासाठीं आणि त्याच्या घरच्यांसाठीं हे चार शब्द आहेत.

आपण खातों त्या भात-भाकरीची शरीरांत साखर होते. ती रक्तांतून पेशींत पोंचविण्याचें काम इन्सुलिन करतें. तें अपुरें पडलें, अथवा शरीर त्यास दाद देईनासें झालें, म्हणजे साखर रक्तांतच सांचते आणि हळूहळू डोळे, मूत्रपिंडें, हृदय व पाय यांस इजा करिते. 1922 सालच्या जानेवारींत टोरोंटो येथें लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवीत असत. आज त्या उपासमारीची गरज उरलेली नाहीं. तरीही नवा रोगी भीतीनें एक तर जेवण टाकतो, नाहीं तर रोग लपवून पूर्वींप्रमाणेंच खातो. दोन्ही मार्ग घातक आहेत.

मग जेवावें कसें? ताटाचा अर्धा भाग दुधी, पडवळ, भेंडी, वांगें, पालेभाजी यांनीं भरावा. पाव भागांत मासळी, अंडें, डाळ किंवा वाल असावेत. उरलेल्या पाव भागांत भात अथवा तांदळाची भाकरी घ्यावी. बटाटा, रताळें, कोनफळ हीं भाजींत न धरतां भाताच्या हिशेबांत धरावीं. शिजलेल्या भाताच्या 150 ग्रॅमच्या वाटींत सुमारें 40 ग्रॅम पिष्ट असतें. म्हणून भात अंदाजानें न वाढतां वाटीनें मोजावा. बोंबील-बांगडा खुशाल खावा, मात्र कालवणाचा बरा, तळलेला क्वचित्.

आमच्या घरांतून कांहीं समजुती घट्ट बसल्या आहेत. साखर सोडली आणि गूळ किंवा मध घेतला, तर रक्तास तो फरक कळत नाहीं. पेज पातळ दिसली तरी ती भातच आहे, आणि मऊ शिजल्यामुळें तिची साखर लवकर चढते. लहानसें केळें हिशेबांत धरून चालेल. पण वसईचें सुकेळें म्हणजे पाणी आटविलेलें अख्खें केळेंच होय, हें विसरूं नये.

पथ्य एकट्यानें पाळवत नाहीं. घरधन्यास वेगळें ताट आणि बाकीच्यांस वेगळें, अशानें तो आठ दिवसांत कंटाळतो. वर वर्णिलेलें जेवण निरोग्यांसही हितकर आहे. तेव्हां तें सर्वांनींच जेवावें. “आज सण आहे, एवढ्यानें काय होतें?” असा प्रेमाचा आग्रह करणाऱ्या मावशी-काकींस आमची हात जोडून विनंती आहे कीं, प्रेम दाखवायचें तर जेवणानंतर त्याच्याबरोबर अर्धा तास चालावयास जावें.

आतां अतिशय महत्त्वाची गोष्ट. जो इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतो, त्यानें जेवण चुकविलें, अथवा उपाशीपोटीं मद्य घेतलें, तर साखर एकाएकीं उतरते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ हीं तिचीं लक्षणें. ती 70 च्या खालीं गेल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

हें माहीत असूनही भाविक लोक उपाशीपोटीं मिस्सेला येतात. पवित्र कम्युनियनपूर्वींचा उपवास 1964 पासून केवळ एका तासाचा आहे. पाणी व औषध यांनीं तो मोडत नाहीं. आणि आजाऱ्यांस व वृद्धांस त्या तासाचेंही बंधन नाहीं, असें 1983 च्या धर्मसंहितेंत स्पष्ट आहे. राखेच्या बुधवारीं व शुभ शुक्रवारींही आजाऱ्यावर उपवासाची सक्ती नाहीं. त्यानें डॉक्टरांस विचारल्याशिवाय उपवास करूं नये. त्याऐवजीं दानधर्म करावा, रुग्णांची भेट घ्यावी. आपलें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, हें संत पौलाचें शिक्षण ज्यास मान्य आहे, त्यानें भक्तीच्या नांवाखालीं त्या मंदिराची हानि करूं नये.

बंधूंनो, हा रोग जन्माची सोबत करितो, या विचारानें नव्या रोग्याचें काळीज खचतें. परंतु प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण एकाच दिवसाची भाकर मागतों. पथ्यही तसेंच एका दिवसाचें धरावें. आजचें ताट मोजून वाढावें, आजची गोळी वेळेवर घ्यावी, रात्रीं पायांस जखम नाहींना तें पाहावें आणि देवाचे आभार मानून निजावें. उद्यांचें उद्यां.

देव आपणां सर्वांस आरोग्य देवो.