रविवार कोणाचा?



प्रवासाच्या गमतीजमती ऐकायला कोणी आले असेल, तर त्यांची थोडी निराशा होईल. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. जिथे जाऊ तिथे मजुरीचा हिशेब मांडतो. परंतु रायगडच्या किनाऱ्यावर एक हिशेब मांडायला आम्हीच विसरलो होतो. ती हकिकत आज सांगतो.

गेल्या पौषात आम्ही तिघे कार्यकर्ते माणगावला रेल्वेतून उतरलो. तिथून एस.टी.ने म्हसळ्याचे डोंगर ओलांडून, बोर्ली पंचतनवरून दिवेआगरला पोचलो. शनिवार होता. मुक्काम एका घरगुती निवासात. नारळी-पोफळीची वाडी, सारवलेले अंगण, पडवीला भिंती घालून केलेल्या दोन खोल्या, तीन खाटा, पाण्याचा माठ. एवढाच थाट. पण रात्री केळीच्या पानावर वाफाळता भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक आले, तेव्हा आम्ही तृप्त झालो.

आता आमची चूक ऐका. रविवारी दुपारी आम्ही घरच्या वहिनींना म्हणालो, "खोल्या साध्याच आहेत, दर जरा कमी करा."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "करते की भाऊ. पण पानातलं काय कमी करू, तेवढं सांगा."

आम्ही निरुत्तर झालो. मग ओटीवर बसून विचारपूस केली. त्या पहाटे चारला उठतात. नारळ खोवणे, उकड काढणे, मोदक वळणे, चादरी धुणे, खोल्या झाडणे. शेवटचा पाहुणा जेवून भांडी घासेपर्यंत रात्रीचे अकरा. एकोणीस तास! तीस वर्षे आम्ही आठ तासांसाठी भांडलो आणि मोदक खाताना हे तास मोजले नाहीत. कारण पाटीवर लिहिले होते 'घरगुती'. या एका शब्दाखाली केवढी मेहनत झाकली जाते!

हा उद्योग हौसेचा नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. वहिनी म्हणाल्या, "झाडं पडली, तेव्हा या दोन खोल्यांनी घर चालवलं."

मित्रहो, नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. त्याच रविवारी आपण समुद्रावर जातो, आणि तोच या बाईचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो. आमच्या विसाव्याची किंमत तिच्या विसाव्यातून वसूल होते.

मग तिने लढावे कोणाशी? याच जिल्ह्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ संप केला; त्यांच्यासमोर खोत होता. गिरणी कामगारासमोर मालक होता. इथे मालकीणही तीच आणि कामकरीणही तीच. समोर आहोत ते आम्ही, घासाघीस करणारे पाहुणे!

आम्ही सुचवले, साऱ्या घरांनी एकत्र येऊन किमान दर ठरवा, आठवड्यातून एक दिवस खोल्या बंद ठेवा. त्या हसल्या. "शेजारीण पन्नास रुपये कमी घेते, तिचीही अडचणच आहे. आधी तिच्याशी बोलायला हवं." संघटनेचा पहिला धडा आम्ही शिकवायला गेलो, तो त्यांना ठाऊकच होता.

दुसऱ्या दिवशी निघताना ठरलेला दर पुरा दिला. यात उपकार कसला? ती मजुरी होती. आपणही जाल तेव्हा जेवणाची वर्दी आदल्या दिवशी द्या, जमल्यास आडवारी जा, आणि दर पाडून मागण्यापूर्वी एकच विचारा: "वहिनी, आज किती वाजता उठलात?"