किडनीच्या रुग्णाचे हृदयही तपासा
(पहूर येथील आरोग्य मेळाव्यात गावोगावच्या आरोग्यसेवकांपुढे केलेले भाषण)



किडनीचा आजार म्हटला की डायलिसिस आठवते. पण बहुतेक किडनीरुग्णांवर ती वेळ येतच नाही; कितीतरी जणांना त्याआधीच हृदयविकार गाठतो. म्हणून आज हृदयाबद्दल बोलतो.

समजा, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागेत मजुरी करणारे ५५ वर्षांचे एक काका आले. क्रिएटिनिन १.८. ‘थोडंच वाढलंय,’ म्हणून आपण कागद परत देतो. पण वय धरून हिशेब केला, तर त्यांच्या किडनीची रक्त गाळण्याची क्षमता ४४ च्या आसपास भरते. ती तीन महिने ६० च्या खाली राहिली, की तो किडनीचा जुनाट आजार.

हृदयाचा धोका मोजणारे नेहमीचे तक्ते वय, बिडी-तंबाखू, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल विचारतात. किडनीचे विचारत नाहीत. त्यामुळे काकांचा धोका कागदावर कमी दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये आणलेल्या नव्या गणितात किडनीची क्षमताही धरली आहे.

आपण गावात तीन गोष्टी पाहू: रक्तदाब, रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन. लघवीची तपासणी टाळू नका. क्रिएटिनिन ठीक असूनही लघवीतून अल्ब्युमिन जात असेल, तर हृदयाचा धोका वाढलेला असतो. छातीत दुखण्याचीही वाट पाहू नका. या रुग्णांना, विशेषतः मधुमेह असेल तर, न दुखताही झटका येतो. चालताना दम लागणे, एकाएकी थकवा, घाम येणे एवढीच खूण असू शकते.

मग करायचे काय? बिडी-तंबाखू बंद. दिवसाला सगळे मिळून एक लहान चमचा मीठ. लोणचे-पापड त्यातच मोजा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. पन्नाशीपुढच्या, डायलिसिसवर नसलेल्या किडनीरुग्णाला कोलेस्टेरॉल फार नसले तरी स्टॅटिनची गोळी द्यावी, असे जगभरचे किडनीतज्ज्ञ सांगतात. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आपल्या जळगावची केळी सगळ्यांनाच वर्ज्य नाहीत. पण किडनी फार कमजोर असेल, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

आज घरी गेल्यावर आपापली वही उघडा. क्रिएटिनिन वाढलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे रक्तदाब आणि लघवीची तपासणी लिहिली आहे का, ते पाहा. जिथे जागा रिकामी असेल, त्या घरी उद्याच जा.