शिकवता येणं ही वेगळी विद्या



याच शाळेच्या मैदानाने घडवलेल्या एका माणसाला तुम्ही आज पाहुणा म्हणून बोलावलंत, याचा फार आनंद आहे. इथे उभं राहिलं की आधी शिकवणारेच आठवतात. म्हणून करिअरचं मार्गदर्शन बाजूला ठेवतो आणि शिकवणाऱ्या एका माणसाबद्दल बोलतो. वॉल्टर ऑल्स्टन हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला बेसबॉलपटू. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीवर, तो आयुष्यात एकच सामना खेळला, १९३६ साली. फलंदाजीला एकदाच आला आणि तीन स्ट्राइक होऊन बाद झाला. क्षेत्ररक्षणाच्या दोन संधी आल्या, त्यातली एक चुकली. पुढे अनेक वर्षं तो खालच्या लीगमध्ये खेळत आणि शिकवत राहिला. हिवाळ्यात शाळेत शिक्षकाची नोकरी करायचा. १९५४च्या हंगामासाठी ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला मॅनेजर नेमलं. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा आणि डाव आखणारा मुख्य प्रशिक्षक, एवढं आज पुरे. करार एका वर्षाचा होता. असे एकेका वर्षाचे २३ करार करत तो १९७६पर्यंत त्या जागी राहिला आणि त्याच्या संघाने चार वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली. खेळता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं.

कोणी म्हणेल, हाताशी मोठे खेळाडू असले की कोणीही जिंकेल. पण ब्रुकलिनकडे मोठे खेळाडू आधीही होते, आणि तरी १९५५पूर्वी हा संघ सात वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये हरला होता. शिवाय १९५५च्या विजेत्या संघाने हंगामात २०१ होमरन, म्हणजे थेट सीमेपार जाणारे फटके, मारले, तर १९६५च्या विजेत्या संघाने अवघे ७८. तो संघ गोलंदाजीवर आणि धावण्याच्या चपळाईवर जिंकला. इतक्या वेगळ्या दोन संघांतून एकच माणूस विजय काढतो, तेव्हा श्रेय निव्वळ खेळाडूंना देऊन भागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जो टोरी हा बेसबॉलपटू तर १९७१ साली मेजर लीगमधल्या नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी पुढे न्यूयॉर्क यँकीजचा थोर मॅनेजर झालाच. झाला खरा, पण त्याआधी तीन संघ सांभाळून. त्या तिन्ही ठिकाणी वर्ल्ड सिरीज त्याच्या हाती लागली नाही. पहिली जिंकायला १९९६ उजाडलं. थोर खेळाडूलाही ही विद्या पहिल्यापासून शिकावी लागते, आणि ती शिकवता शिकवताच येते.

म्हणून मुलांनो, जे शिकाल ते लगेच कोणाला तरी शिकवा. गणिताची रीत असो, तबल्याचा कायदा असो, खो-खोतला सूर मारणं असो. मला नीट येऊ दे, मग शिकवेन, असं म्हणत थांबू नका. दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय येत नाही ते आधी कळतं. पालकांनो, पोरगा शेजारच्या लहानग्याचा अभ्यास घेत बसला तर वेळ वाया गेला म्हणू नका. आणि सर, बाई, १९४६ साली ऑल्स्टन खालच्या लीगमधल्या नॅशुआच्या संघाचा मॅनेजर होता. मेजर लीगची दारं तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होती. एका सामन्यात पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं, तेव्हा त्याने संघाची सूत्रं रॉय कॅम्पनेला या तरुण कृष्णवर्णीय खेळाडूकडे सोपवली. आपणही सूत्रं अशीच मुलांकडे सोपवू या. आपल्या शाळेत मुलं ५ सप्टेंबरला एकच दिवस शिक्षक होतात. माझी विनंती आहे, पाचवीच्या मैदानाचा एक तास दर आठवड्याला नववीच्या मुलामुलींकडे द्या, आणि तो वेळापत्रकात लिहा.