संगणकाची खाच मुकी झाली तर

श्रोतेहो, विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही म्हणून कोणी शेतकरी लगेच ती विहिरीबाहेर काढीत नाही. आधी लाइन आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग वायर. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे गावी हे कुणाला शिकवावं लागणार नाही. पण शाळेतल्या संगणकाचा माऊस चालेनासा झाला, की "संगणक बिघडला" असा निकाल देऊन त्यावर कापड टाकण्याचा मोह गुरुजींनाही होतो. दुरुस्तीसाठी मलकापूर किंवा बुलढाणा गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि तोवर मुलांचे तास बुडतात. तेव्हा आज मोटरीचीच रीत संगणकाला लावून पाहू.

माऊस, की-बोर्ड, पेनड्राइव्ह ज्या चपट्या खाचेत आपण खोचतो, तिला यूएसबी पोर्ट म्हणतात. ही व्यवस्था १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या अभियंत्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट प्रमुख होते. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात झालेलं. साध्या खाचेत चार पट्ट्या असतात. दोन पाच व्होल्ट वीज नेतात, दोन निरोप नेतात. माऊसखालचा दिवा लागतो पण पडद्यावरचा बाण हलत नाही, तर वीज पोचते आहे, निरोप अडला आहे. एवढ्यावरूनही शोधाची दिशा कळते.

आता पहिला प्रश्न: दोष खाचेचा की वस्तूचा? तोच माऊस दुसऱ्या खाचेत लावा, आणि त्या मुक्या खाचेत दुसरी एखादी चालू वस्तू लावा. अर्धा निकाल इथेच लागतो. बरेचदा वस्तूच मेलेली निघते, अन् दोष उगाच संगणकाच्या माथी येतो! डब्याच्या पुढच्या खाचा बंद आणि मागच्या चालू असतील, तर आतली जोडवायर निसटलेली असण्याचा संभव आहे. मागच्या खाचा मुख्य पाटीवरच बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या अधिक भरवशाच्या.

काहीच चालत नसेल तर संगणक रीतसर बंद करा, भिंतीतला प्लग काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा जोडा. आत साचून राहिलेली वीज निघून जाते आणि रुसलेली खाच पुष्कळदा बोलू लागते. प्लग काढलेला असतानाच बॅटरीच्या उजेडात खाचेत डोकावून पाहा. खडूची भुकटी, कापसाचं सूत दिसलं तर कोरड्या मऊ ब्रशाने काढा. टाचणी मात्र घालू नका, पट्ट्या वाकतात.

ओझ्याचंही पाहावं लागतं. जुन्या जातीची खाच ५०० मिलिअँपिअर, नव्या जातीची, जिच्या आत बहुधा निळी जीभ दिसते ती, ९०० मिलिअँपिअर वीज देते. एका खाचेवर फाटे काढून चार-पाच वस्तू लावल्या, तर एकाच मीटरवर आख्ख्या वाड्याचे पंप चालवल्यासारखं होतं.

विंडोज असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'युनिव्हर्सल सिरिअल बस कंट्रोलर्स' या नावाखाली 'रूट हब' दिसेल. त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी खाच बंद करण्याची मुभा दिलेली असते. तिथली खूण काढा. मग संगणक पुन्हा सुरू करा.

शिक्षकांना एक विनंती. पेनड्राइव्ह लावल्यावर 'फॉरमॅट करा' अशी सूचना आली, तर 'हो' म्हणू नका. खाच चांगली आहे, पेनड्राइव्हातली नोंद विस्कटली आहे, एवढाच त्याचा अर्थ. वर्षभराचे गुण त्यातच असतील, तर ते परत मिळवण्याची आशा अजून असते. 'हो' म्हटलं की ती फार कमी होते. अशा वेळी पेनड्राइव्ह काढून ठेवा, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा.

आणि खाचेची जीभच तुटली असेल, किंवा जळका वास येत असेल, तर तिच्यात दुसरी वस्तू घालून ती वाया घालवू नका. त्या खाचेवर चिकटपट्टी लावून 'बंद' असं लिहा, आणि जळका वास येत नसेल तरच शेजारच्या खाचेवर मुलांचा तास सुरू ठेवा.