थंडी आणि काच

पौषाच्या गारठ्यात शाळेच्या प्रयोगशाळेसाठी काचेच्या सामानाची पेटी येते. ती उघडून कुणी चंबू धुवायला कढत पाणी ओततो, आणि टचकन चीर जाते. मग दोष थंडीला! पण काच नुसत्या थंडीने सहसा तडकत नाही. तडकते ती एकाएकी झालेल्या बदलाने. कढत पाण्याने आतली बाजू पसरू लागते, बाहेरची गारच राहते, आणि त्या ओढाताणीत काच दुभंगते. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती हे अधिक सोसते. आदळआपट मात्र तिलाही सोसत नाही.

तेव्हा सामान पाठवताना प्रत्येक नग कागदात वेगळा गुंडाळावा. पेटीच्या तळाशी, कडेला आणि वर चार बोटे सुका पेंढा दाबून भरावा. पेटी हलवून पाहावी. आत खुळखुळले, तर पेंढा आणखी हवा. भांड्यात पाणी ठेवू नये. काश्मीरसारख्या मुलखात ते वाटेतच गोठेल. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि बंद बाटली फोडते.

पेटी पोचली, की ती शेकोटीजवळ नेऊ नका. रात्रभर खोलीत तशीच राहू द्या. पेंढ्यातून ऊब सावकाश आत जाते. सकाळी एकेक नग उजेडात धरून पाहा. गुरुजी, केसाएवढी चीर दिसली तरी तो बाजूला काढा. पैसे गेले तर जावोत; दिव्यावर तापवताना तो मुलाच्या हातात फुटायला नको.